टाचा धरायला माणूस पाहिजे

आटपाडीहून धाकट्या बहिणीचा, हौसाचा, निरोप आला. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डोक्यावर पदर घेता येत नाही, त्या कुशीवर निजता येत नाही. घरातली माणसं लकवा आहे म्हणतात आणि ती चुलीपुढं बसून रडते. निरोप घेऊन आलेल्या बाईला मी एवढंच म्हणाले, "भिऊ नको म्हणावं. मला पण झालं होतं, बरं झालं."

पुढचं मला सांगता आलं नाही. बाई एसटीला निघालेली, बाजारातली माणसं आजूबाजूला, आणि मी कासोट्याच्या नि चोळीच्या गोष्टी कशा सांगणार? मी अशीच आहे. चार माणसं जमली की माझा आवाज बसतो. म्हणून लिहून काढते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहिता येतं. हौसाला वाचता येतं. तिनं वाचावं, आणि तिच्या ओळखीत कुणा बाईचा हात असा अडकला तर तिला वाचून दाखवावं. बाकी कुणाला दाखवायचं कारण नाही.

*

विट्याजवळच्या आमच्या घरात तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, सासूबाई आणि मालक. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मालक पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आलेले. मुलगा पण पलटणीतच, सून नातवंडं त्याच्याकडं.

खांदा दुखायला कधी लागला ते मला सांगता येणार नाही. आधी वाटलं, विहिरीवर ओढ बसली असेल. मी कुणाला बोलले नाही. उजव्या हाताची कामं एकेक करून डाव्याकडं दिली. फळीवरचा डबा डाव्या हातानं काढायचा, केस डाव्या हातानं कसेबसे गुंडाळायचे. दुखतं म्हणून हात हलवायचा नाही, आणि हलवत नाही म्हणून तो आणखी धरायचा, हे मला कळत नव्हतं.

घरात कळलं ते कुंकवामुळं. संक्रांतीनंतर शेजारच्या तानूबाई हळदी-कुंकवाला आल्या. उंच बाई. त्यांच्या कपाळापर्यंत माझा उजवा हात जाईना. त्या वाट बघत उभ्या, मी घामाघूम. शेवटी कोयरीत डावं बोट बुडवलं आणि टेकवलं त्यांच्या कपाळाला.

तानूबाईंचा चेहरा उतरला. सवाष्ण बाईला डाव्या हातानं कुंकू! वाण न घेताच त्या उंबऱ्याबाहेर गेल्या.

आत्याबाई कडाडल्या. "इंदे, डोसकं फिरलं का तुझं? डाव्या हातानं कुकू लावती व्हय कुणी?"

"हात वर हुईना, आत्याबाई."

"कवापासनं?"

त्या जवळ आल्या, माझा हात मनगटाला धरून वर उचलला. खांद्याशी आला आणि थांबला, गंजलेल्या कडीसारखा. मी ओरडले.

"आगं माझे बाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग डोक्यावर पदर घेऊन तानूबाईंच्या घरी गेल्या आणि त्यांना हाताला धरून परत घेऊन आल्या. त्या दिवशी माझ्या वतीनं त्यांना कुंकू लावलं ते आत्याबाईंनी. त्या विधवा आहेत. एरवी असं कुणी चालवून घेतलं नसतं. तानूबाईंनी डोळे मिटून कपाळ पुढं केलं. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

*

त्यानंतर सगळ्या गावानं औषधं सांगितली. तिळाच्या तेलानं चोळलं, विटेनं शेकलं. बाजारात हाडं बसवणारा माणूस येतो, त्यानं हात पिळून ओढला. त्या दिवशी डोळ्यांपुढं काजवे चमकले. हौसा, हे एक करू नको. चोळणं, शेकणं ठीक आहे. ओढू देऊ नको कुणाला.

कुणी म्हणालं, हात बांधून ठेवा, आराम पडेल. मालकांनी पलटणीतला मफलर काढून माझ्या गळ्यात झोळी केली. झोळीत हात घालून मी महिनाभर वावरले. ती आमची मोठी चूक. झोळीनं दुखणं थोडं कमी झालं, पण हात अंगालाच चिकटून गेला.

मनात भीती एकच. आपल्या आप्पांचा हात असाच गेला होता, मग पाय, मग वाचा. हौसा, तुला पण तेच आठवत असेल. मी रोज उठल्यावर बोटं हलवून बघायची. बोलता येतंय का म्हणून म्हशीला हाक मारून बघायची.

आणि भीतीपेक्षा लाज मोठी होती. नऊवारी नेसणाऱ्या बाईला मी काय म्हणते ते कळेल. कासोटा खोचायला हात पाठीमागं न्यावा लागतो. माझा हात कमरेच्या बाजूलाच अडायचा. एकदा डाव्या हातानं खोचून पिठाच्या गिरणीत गेले. डोक्यावर डबा, आणि मागनं कासोटा सैल व्हायला लागला. डबा तसाच तिथं ठेवून, भिंतीला पाठ लावून मी उभी राहिले ती गिरणी रिकामी होईपर्यंत. त्यानंतर घराबाहेर पडणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई न सांगता माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"आण हिकडं."

"नगा, आत्याबाई. बरं दिसत न्हाई."

"लग्नात तुला शालू कुणी नेसवला व्हता? मीच की. तवा बी बाहुलीवानी हुबी राह्यली व्हतीस. आता तशीच हुबी ऱ्हा."

तेव्हापासून रोज सकाळी त्या माझा कासोटा खोचायच्या. त्यांचे हात थरथरायचे. कधी कधी दोनदा तीनदा खोचायला लागायचं. सुनेनं सासूचं करायच्या वयात सासू सुनेचं करत होती.

त्यातच मालकांना शिरवळच्या कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी सांगून आली. त्यांच्या पलटणीतला सोबती तिथं होता. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला. मालकांना रिकामं बसणं सोसत नव्हतं, त्यांचा जीव तिकडं ओढ घेत होता. पण ते म्हणाले, "हिला पाणी वढता येत न्हाई, लुगडं नेसता येत न्हाई. म्हातारीच्या जिवावर टाकून मी कुठं जाऊ?"

आत्याबाई म्हणाल्या, "गोल साडी नेसव तिला. त्या साडीला कासोटा लागत न्हाई."

विट्याच्या पोरी नेसतात तशी गोल साडी. त्यात वाईट काही नाही. पण मला वाटलं, एकदा मी कासोटा सोडला की हा हात कायमचा गेला असं सगळे धरून चालतील. मी मान हलवली. नाही म्हणाले. माझ्या मानानं ते मोठंच बोलणं.

*

शेवटी मालक मला सांगलीला घेऊन गेले. मोठ्या दवाखान्यात सकाळपासून बसलो तेव्हा दुपारी नंबर लागला. मी वाटेत देवाचं नाव घेत होते. म्हसवडच्या सिद्धनाथाला मनात नारळ बोलले होते.

डॉक्टरांनी मला हसायला सांगितलं. मला लाज वाटली. मग जीभ बाहेर काढायला सांगितली, दोन्ही हातांनी त्यांची बोटं आवळायला लावली. मी आवळली.

"जोर आहे की, मावशी. लकवा नाही हा."

मालकांनी सुस्कारा टाकला तो मला ऐकू आला.

मग डॉक्टरांनी आधी मला हात वर करायला सांगितला, नंतर त्यांनी स्वतः उचलून बघितला. दोन्ही वेळा तो एकाच जागी अडला. ते म्हणाले, हात लुळा असता तर माझ्या हातानं वर गेला असता. हा सांधा आतून आखडलाय, गोठल्यासारखा. मरणाचं दुखणं नाही, पण वेळ खाणारं आहे. वर्ष लागेल, जास्तही लागेल. साखर असणाऱ्यांना हे होतं म्हणून रक्त तपासायला घेतलं. मला साखर निघाली नाही. हौसा, तू तपासून घे. आणि पडून झालं असेल, नाहीतर हाताबरोबर छातीत दुखत असेल, तर माझं हे वाचत बसू नको, आधी डॉक्टर गाठ.

गळ्यातली झोळी त्यांनी काढून मालकांच्या हातात दिली. "ही आता तुम्ही घाला थंडीत."

व्यायाम शिकायला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं तरुण बाई होत्या, सांगलीच्याच. भिंतीवर लाकडी पट्ट्यांची छोटी शिडी, बोटांनी चढायची. छताला कप्पी, तिची दोरी धरून चांगल्या हातानं दुखरा हात वर ओढायचा. सुरुवातीला आठवड्यातनं दोनदा आम्ही एसटीनं जायचो, मग महिन्यातनं एकदा. त्या खोलीत गवंडी होता, शाळेच्या बाई होत्या, एक भजनात मृदंग वाजवणारे आजोबा होते. सगळे आपापल्या कप्पीला लोंबकळलेले. आजोबा म्हणायचे, "आपण सगळे एकाच विहिरीवर पाणी ओढायला आलोय." पुरुष बसलेले असताना हात वर करायची मला लाज वाटायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी कोपऱ्यात पडदा ओढून दिला. न मागता दिला. आजारात अशी छोटी गोष्ट फार मोठी वाटते.

त्यांनीच सांगितलं, चोळी घालताना दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी. एवढ्याशा गोष्टीनं माझं सकाळचं रडणं थांबलं.

*

घरी व्यायाम घ्यायचं काम मालकांनी अंगावर घेतलं. माणूस आयुष्यभर परेड घेतलेला.

"चला, उठा. हाऽत वर!"

"आवं, हळू बोला. गल्लीत ऐकू जातंय."

"ऐकू द्या. चोरी करतोय काय आपण?"

मधल्या दाराच्या चौकटीपाशी मला उभी करायचे. मी बोटांनी चौकट चढायची. बोटं जिथं थांबतील तिथं ते खडूनं रेघ ओढायचे. दर रविवारी नवी रेघ. दुखायचं, पण मी दात आवळून ताणायची. रेघ खालच्या रेघेच्या वर गेली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू मला बढती मिळाली. गणपतीपर्यंत रेघांची शिडी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चौकट दाखवायचे आणि मी आत पळायची. शिरवळला पण त्यांनी निरोप धाडला, दिवाळीला येतो म्हणून.

कासोटा मात्र अजून आत्याबाईच खोचत होत्या. मला वाटायचं, तो हळूहळू येईल. हात वर जातोय ना.

सांगलीला गेल्यावर मालकांनी बाईंना रेघांची हकीकत सांगितली. बाईंनी मला खाटेवर उताणी निजवलं, खांद्यामागच्या सपाट हाडाखाली, फऱ्याखाली, आपला हात ठेवला आणि माझा हात हळूच वर नेला. मग थांबल्या.

"काका, हात गेल्या महिन्यात होता तिथंच आहे."

"आसं कसं, म्याडम? चौकटीवर रेघा हायत. चांगला वीतभर वर गेलाय."

"मावशी, घरी करता तसं भिंतीपाशी करून दाखवा."

मी उठले, भिंतीपाशी गेले, बोटं चढवायला लागले. बाई माझ्या हाताकडं बघतच नव्हत्या. खाली बघत होत्या.

"मावशी, तुमचा हात नाही वर गेला. तुमच्या टाचा वर गेल्यात. आणि हा खांदा बघा, कानाला लागलाय."

मी खाली बघितलं. मी चवड्यांवर उभी होते. खरं सांगते हौसा, मला त्याचा पत्ताही नव्हता. रेघ वर जावी म्हणून सगळं अंगच वर जात होतं.

येताना एसटीत मालक खिडकीतनं बघत होते. मला वाटलं, शिरवळ गेलं. माझा हात पण गेला.

घरी आल्यावर त्यांनी फडकं ओलं केलं आणि चौकट पुसायला घेतली. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"काय झालं रं?"

"टाचा वर करत व्हती म्हणं."

"व्हय की. बगळ्यावानी हुबी ऱ्हायची."

मालक वळले. "तुला दिसत व्हतं? मग बोलली का न्हाईस, आये?"

"तू खडू घिऊन पोरावानी उड्या मारत व्हतास. म्हटलं, कशाला लेकाचा आनंद घालवू."

मालक आईकडं बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. मग मला. त्या घरात आम्ही तिघं किती महिन्यांनी हसलो असू.

*

दुसऱ्या दिवशी मी चौकटीपाशी उभी राहिले तेव्हा आत्याबाई सरकत सरकत आल्या आणि माझ्या पायांशी बसल्या. मला कळायच्या आत त्यांनी माझ्या दोन्ही टाचा धरल्या.

मी चटका बसल्यासारखी मागं झाले. "आत्याबाई! पाय नगा धरू माझं!"

"मग कुणी धरायचं? त्यानं? त्येची नजर खडूवर आसती."

"पाप लागंल मला."

"लागलं तर मला लागंल. माझं वय झालंय, मी बघून घीन. तू हात वर कर."

सासूनं सुनेचे पाय धरायचे, हे कुणी बघितलं तर काय म्हणेल? मी मालकांना दार लावायला सांगितलं. आत्याबाईंच्या थरथरत्या मुठीत माझ्या टाचा जमिनीला टेकलेल्या, खांदा खाली ठेवलेला. बोटं चढली. पुसायची राहून गेलेल्या पहिल्या रेघेच्या जरा वर जाऊन थांबली. मालकांनी तिथं खडू टेकवला. खरी रेघ तेवढीच होती.

मला राहवेना. हात खाली आल्याबरोबर मी वाकून त्यांच्या पाया पडले. डावा हात त्यांच्या पायावर, उजवा तसाच लोंबत.

रोज असंच व्हायला लागलं. त्या टाचा धरायच्या, मी प्रत्येक वेळी वाकून पाया पडायची. "पाय मी धरती, पाया तू पडती. फिट्टंफाट," असं त्या म्हणायच्या.

मी हे सांगलीच्या बाईंना भीत भीत सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्याच, पण म्हणाल्या, "अहो मावशी, मी तुम्हाला हाच व्यायाम शिकवला होता. वाकून हात लोंबता सोडायचा. तुम्ही तो करत नव्हता." खरंच होतं. नुसतं वाकून हात झुलवायचा म्हणजे मला वेड्यासारखं वाटायचं. पाया पडायला वाकायची काही लाज नाही. मग मी वाकल्यावर लगेच उठायचं सोडलं. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा हात लोंबता ठेवायचा, आपल्या वजनानं हलू द्यायचा. आत्याबाई वरनं आशीर्वाद द्यायच्या. हात लोंबायला वेळ मिळावा म्हणून आशीर्वाद लांबवायच्या, म्हशीचं दूध आणि नातवाचं लग्न पण त्यात घालायच्या.

*

आता तू घरच्या घरी कसं बघायचं ते सांगते. दुखऱ्या हाताआधी चांगल्या हातानं करून बघ, म्हणजे आपला हात मुळात किती जात होता ते कळतं. चौकटीपाशी उभी राहा, टाचा जमिनीवर, खांदा कानापासून लांब, आणि टाचा बघायला कुणीतरी पाहिजेच. आपल्याला आपलं कळत नाही. मग जमिनीवर उताणी नीज. तिथं टाचांची लबाडी चालत नाही. कोपर बरगडीला लावून, हात कोपरात मोडून बाहेरच्या बाजूला सोड. माझा आधी सरळ आढ्याकडंच बघत राहायचा. आणि शेवटी हात पाठीमागं ने. अंगठा कुठवर पोचतो ते बघ. माझा आधी मांडीच्या बाजूला, मग पुठ्ठ्यावर, मग तिथंच अडून बसला. हेच सगळ्यात उशिरा येतं. कळ आली तर थांब, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ. रोज रेघ ओढू नको, मन खट्टू होतं.

*

दिवाळी आली. हात खांद्याच्या वर आला होता, पण पाठीमागं गेला नव्हता. मालकांनी शिरवळच्या सोबत्याला खरं ते कळवलं. त्यानं जागा आणखी थोडी धरून ठेवली. त्याच्या बायकोला पण हेच झालं होतं म्हणे. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. बायकांची अशी दुखणी कुणी बोलत नाही, म्हणून जिला तिला आपण एकटीच आहोत असं वाटतं.

थंडी सरली, तिखट-मिठाची कामं आली. एका सकाळी मी आंघोळ करून लुगडं नेसत होते. निऱ्या झाल्या, सवयीनं काष्टा मागं घेतला आणि आत्याबाईंची वाट बघत थांबले. त्या गोठ्यात होत्या. मी सहज हात मागं नेला. अंगठा पुठ्ठ्यावरनं वर सरकला. कमरेला लागला. मधोमध. मी श्वास धरून काष्ट्याचं टोक आत सारलं. दोन्ही हातांनी. बसलं ते.

मी तशीच उभी राहिले. टाचा बघितल्या. जमिनीवर होत्या.

आत्याबाई आल्या, रोजच्यासारख्या माझ्या मागं गेल्या, हात पुढं केला. तिथं काम झालेलं होतं. त्यांनी तो कासोटा ओढून बाहेर काढला आणि पुन्हा खोचला.

"नीट खोचला न्हवतास," त्या म्हणाल्या.

मी मागं वळून बघितलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

मालक शिरवळला गेले. आता रविवारी गावातल्या पिवळ्या एसटीडीच्या खोक्यावर त्यांचा फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "हाऽत वर!" मी खोक्यात उभी राहून खरंच करते. काचेबाहेर माणसं असतात. असू देत. उजवा हात अजून डाव्याएवढा पुरा जात नाही, थोडा कमी. तेवढ्यानं माझं काही अडत नाही. यंदा तानूबाईंना कुंकू उजव्या हातानं लावलं. त्या मुद्दाम ताठ उभ्या राहिल्या होत्या.

हौसा, तुझ्या घरात टाचा धरायला कुणी नाही, मला माहीत आहे. सासू गेली, सुना नोकरीवर. म्हणून मी पुढच्या बाजाराच्या एसटीनं येते. आत्याबाई इथं शेजारी बसून विचारतायत, "काय लिवती एवढं?" सांगितल्यावर म्हणाल्या, "मी बी येती. तुला धरता यायचं न्हाई नीट."

मी थोरली, तू धाकटी. मी पायाशी बसले की तू दचकून मागं होशील. होऊ नको. हात वर कर. मग वाकून पाया पड, आणि लगेच उठू नको.